अकरा नंबरचं रीळ

सोमवार, ३ जून

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. आम्ही दोघं खुशाल आहोत, प्रोजेक्टर खुशाल आहे, एसी दुपारचा थोडा कुरकुरतो, पण माझ्या गुडघ्याइतका नाही. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. मी दोनदा वाचलं. मग तुझ्या वहिनीने चष्मा लावून मोठ्यांदा वाचलं, म्हणजे तीनदा झालं.

तर तुझा सिनेमा पुन्हा लागणार! बत्तीस वर्षांनी, धुऊनपुसून, ओरखडे काढून, आवाज स्वच्छ करून. आणि अठ्ठावीस तारखेचा पहिला खेळ माझ्या थिएटरात. 'या वेळी पडला तर दादा, तिसरी वेळ नाही' हे तू खाली बारीक अक्षरात लिहिलं आहेस. उगाच बारीक लिहिलंस. वहिनीने तेवढंच सगळ्यात मोठ्यांदा वाचलं.

धंद्याचं विचारलंस, तर ऐक. गेल्या महिन्यात तीन नवे सिनेमे लावले. पहिला त्या मोठ्या हिरोचा. नाव लिहीत नाही, भिंती रंगल्यात त्याच्या. शुक्रवारी सकाळी आठचा जादा खेळ लावावा लागला. पोरं पडद्यासमोर नाचली, दोन खुर्च्यांचे हात मोडले. हिरो पहिल्या तासात चारशे माणसं लोळवतो आणि एकदाही घाम पुसत नाही. मी दाराशी उभा होतो. तुला माझी पद्धत ठाऊक आहे: बाहेर पडणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य ऐकायचं. कलेक्शनचा आकडा सोमवारी येतो, पहिलं वाक्य शुक्रवारीच येतं. त्या दिवशी पहिला माणूस बाहेर आला तो म्हणाला, "पार्किंगचं कूपन कुठंय?" दुसरा म्हणाला, "जेवायचं काय करायचं?" मी आत जाऊन वितरकाला फोन केला, म्हटलं, सोमवारी आपटणार. तो म्हणाला, "शेठ, तीन दिवस हाऊसफुल्ल आहे, तुम्ही अपशकुन करू नका." सोमवारी तीनच्या खेळाला अकरा माणसं होती. त्यातली चार एसीसाठी आली होती, आणि तो त्या दिवशी कुरकुरत होता.

दुसरा भुताचा. लहान सिनेमा, ओळखीचा एक चेहरा नाही, पोस्टरसुद्धा वितरकाने अर्ध्या मापाचं पाठवलं. पहिल्या खेळाला चाळीस माणसं. पण बाहेर पडताना एक बाई नवऱ्याला म्हणाली, "अहो, ते भूत अगदी तुमच्या आत्याबाईंसारखं बोलत होतं." नवरा म्हणाला, "आत्याला दाखवायला आणू या." झालं! सिनेमा पाहून कोणाला तरी घेऊन यावंसं वाटलं, की तो चालला. पाचवा आठवडा चालू आहे. आत्याबाई येऊन गेल्या की नाही ते कळलं नाही. पण मी प्रत्येक म्हाताऱ्या बाईकडे जरा निरखून बघतो.

तिसरा कौटुंबिक. तीन तास. पूर्वार्ध चांगला लिहिलाय आणि इंटरव्हलनंतर लेखक बहुतेक रजेवर गेलाय. सगळे एका बंगल्यात एकमेकांकडे बघत उभे राहतात आणि मागे व्हायोलिन वाजतं. दोन आठवडे तग धरून उतरला. कोणी शिव्या दिल्या नाहीत. शिव्या तरी द्याव्यात, म्हणजे माणसाला काही तरी लागलं असं म्हणता येतं.

खरी चलती सध्या जुन्यांची आहे. ज्यांना मी तरुणपणी स्वतःच्या हाताने मशीनवर चढवलं, तेच सिनेमे आता पोरं आईबापांना हाताला धरून बघायला आणतात. नव्यापेक्षा जास्त गर्दी! म्हणून तुझी वेळ बरोबर आली आहे असं मला वाटतं. तू त्या सिनेमानंतर दुसरा केला नाहीस, मास्तरकी धरलीस. पण तुझे विद्यार्थी मोठे झाले आणि त्यांनीच खटपट करून हे घडवून आणलं, यात तुझ्या आईचा, माझ्या मावशीचा, जीव किती सुखावला असता! मला तिनेच वाढवलं, त्यामुळे तिच्या वतीने थोडं सुखावून घ्यायचा हक्क मला आहे.

चाचणीसाठी पाठवलेली डिस्क मिळाली. अजून लावून पाहिली नाही, कामं फार आहेत.

आणि ते पान. 'आमच्या गावाने हा सिनेमा चौदा आठवडे का पाहिला' असं एक पान मी पत्रकासाठी लिहून द्यावं, असं तू म्हणतोस. मी आठवी नापास माणूस, लिहायला बसलो की शाईच वाळते. बघतो. सिनेमा स्वच्छ करणाऱ्या लॅबवाल्यांना मात्र सांग, घाई करू नका. शेवटची प्रत पंचवीस तारखेला बंद करणार म्हणालास, ती पंचवीसलाच करा, त्याआधी नको.

वहिनी विचारते, तू अजून रात्री भात सोडलेला आहेस का. मी म्हटलं, मास्तर माणूस, सोडला असेल तर वर्गात सांगून सोडला असेल.

तुझा,
दादा


बुधवार, १२ जून

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. तुझे तीन फोन आले, मी उचलले नाहीत. थिएटरात आवाज असतो वगैरे कारण वहिनीने तुला दिलं, ते खोटं आहे. फोनवर तू माझ्या 'हॅलो'वरून ओळखतोस. म्हणून लिहितोय.

आज सकाळी ते पान लिहायला बसलो होतो. पहिली ओळ अशी लिहिली: 'हा सिनेमा लोकांना आवडला कारण तो खरा होता.' वहिनी मागून येऊन वाचत होती. म्हणाली, "हे तुम्ही लिहिताय की साबणाची जाहिरात?" मी कागद फाडला. दुसरा घेतला. ती म्हणाली, "आता सांगून टाका हो. बत्तीस वर्षं मी तिकीटखिडकीसारखी छोट्याशा फटीतून बघतेय तुमच्याकडे." तिला पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे. तेव्हा खिडकीवर तीच बसायची.

तर सांगतो. मध्ये थांबलो तर पुन्हा लिहिता येणार नाही, म्हणून सरळ सांगतो.

तुझा सिनेमा आठ ठिकाणी लागला होता आणि आठही ठिकाणी एका आठवड्यात उतरला होता. नववं माझं थिएटर. नुकतंच भाड्याने घेतलेलं. मालक मीच, ऑपरेटर मीच, पोस्टर चिकटवणाराही मीच. प्रत गुरुवारी दुपारी आली, तेरा रिळं, तेरा पत्र्याचे डबे. आठ ठिकाणी फिरून आलेली प्रत, धुळीने भरलेली. दुसऱ्या कोणाचा सिनेमा असता तर मी तसाच मशीनवर चढवला असता. पण तुझा होता. मी तेराही रिळं उघडली, मऊ फडक्याने हाताने पुसली, उसवलेले जोड पुन्हा चिकटवले. मावशीचं जुनं पातळ फाडून फडकी केली होती, तीही याचसाठी. संध्याकाळी सगळी रिळं डब्यांत ठेवली आणि झाकणं लावली.

अकराचं झाकण बाराला लागलं आणि बाराचं अकराला.

रीळ चढवताना त्याच्या सुरुवातीच्या पट्टीवरचा आकडा बघायचा असतो. हे मी चौदाव्या वर्षापासून शिकलेलो, आणि दुसऱ्यांना शिकवलेलं. त्या शुक्रवारी बाराच्या खेळाला मी झाकणावरचा आकडा पाहिला. का, तर डबे मीच भरले होते ना! स्वतःवर एवढा विश्वास.

तुझ्या सिनेमात दोन जावा एका दुकानात शिवणकाम करतात आणि मध्ये पडदा टाकून सहा वर्षं बोलत नाहीत. हे मी तुलाच कशाला सांगतोय, पण लिहिताना नीट मांडल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. अकराव्या रिळात त्या गिऱ्हाइकाची पँट येते. एक पाय थोरलीने शिवलेला, एक धाकटीने, आणि दोन पायांत चार बोटांचा फरक. तिथे दोघी हसू लागतात, पडदा निघतो. बाराव्यात थोरली जाते. तेराव्यात धाकटी एकटी बसून थोरलीचा अर्धवट राहिलेला कोट पुरा करते, एक शब्द नाही, नुसता मशीनचा आवाज, आणि संपलं. हसू, मरण, कोट. ही तुझी मांडणी.

माझ्या गावाने पाहिलं ते असं: दोघी बोलत नाहीत, थोरली तशीच जाते, आणि मग अचानक दोघी हसताहेत, पडदा निघतोय. मग कोट. लोकांना वाटलं, धाकटीला आठवतंय. किंवा घडलंच नाही ते, तिला घडायला हवं होतं.

मी वरून केबिनच्या भोकातून बघत होतो आणि अकरा सुरू होताच चूक ध्यानात आली. आता थांबवावं तर पडदा काळा करावा लागणार. थांबवलं नाही. खेळ संपल्यावर धावत दाराशी आलो, म्हटलं, आता खुर्च्या फेकतील. आणि पहिली बाई बाहेर आली ती डोळे पुसत हसत होती. सोबतच्या बाईला म्हणाली, "मेल्यावर का होईना, गोड झाली गं!" दुसरी म्हणाली, "उद्या सासूबाईंना आणते." मागून सगळे बोलतच आले. असं बोलत बाहेर पडलेलं पब्लिक मी वर्षभरात पाहिलं नव्हतं.

संध्याकाळच्या खेळाला मी रिळं बरोबर लावली. तुझी म्हणून बरोबर लावली, धाकट्या, हे लक्षात घे. लोक गप्प बाहेर आले. एकही वाक्य नाही. चपलांचा आवाज फक्त. शनिवारी बाराला पुन्हा बरोबर लावली. पुन्हा तेच, चपला. मी वर जाऊन बसलो. माझ्या हिशेबाने तुझा सिनेमा सोमवारी उतरणार होता. नवव्या ठिकाणी, आणि तोही माझ्या हाताने. शनिवारी संध्याकाळी मी अकरा आणि बारा मुद्दाम बदलले.

शुक्रवारची चूक होती. शनिवारची नव्हती.

रविवारी गर्दी आली. चौदा आठवडे हटली नाही. तू पन्नासाव्या दिवशी आलास, हार घातला गेला तुला, आणि तू आत बसून सिनेमा पाहिलास. त्या एका खेळाला मी रिळं तुझ्या क्रमाने लावली होती. लोक गप्प होते. तू मला म्हणालास, "दादा, मी समोर बसल्यामुळे लाजले रे." मी म्हटलं, "हो ना." तो 'हो ना' मला आजवर चावतोय. चूक झाली तेव्हा मला तेवढं वाईट वाटलं नव्हतं.

कारण तू पुढे वर्गात मुलांना काय सांगतोस ते मला ठाऊक आहे. तुझ्याच एका विद्यार्थ्याने मला सांगितलं. 'आठ गावांना कळला नाही, एका गावाला कळला, आणि एक गाव पुरे असतं.' हे वाक्य तू बत्तीस वर्षं अंगावर घालून फिरतोयस, आणि ते मी शिवलेलं आहे.

आता अठ्ठावीसला तू तुझ्या क्रमाने सिनेमा लावणार, माझ्या गावात, माझ्या भरवशावर. त्या वेळी ज्यांनी पाहिला ती माणसं नातवंडांना घेऊन येणार आणि त्यांच्या आठवणीतला सिनेमा पडद्यावर नसणार. हे तुला पंचवीस तारखेच्या आत कळायला हवं. बदलायचं की ठेवायचं, तू ठरव.

रागावलास तर मोठ्या अक्षरात लिही. मी वाचीन.

दादा


शुक्रवार, २१ जून

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. सहा ओळी. शेवटच्या दोन मी पाठ केल्या आहेत: 'म्हणजे चौदा आठवडे चालला तो तुझा सिनेमा. लॅबला कळवतो, तुझाच लावू या.' खाली सही नाही. खाली 'तुझा' नाही. रागाने लिहिलं असतंस तर बरं वाटलं असतं. तू मास्तराच्या अक्षरात लिहिलंस.

आशीर्वाद द्यायचे राहिले. ते आहेतच.

आता मी काय केलं ते सांगतो, आणि लॅबला काही कळवायच्या आधी हे पुरतं वाच. मी हे कुरिअरने पाठवतोय, उद्या पोचेल. म्हणजे तुझ्या हातात तीन दिवस उरतात.

तुझं पत्र वाचून मला पटलंच होतं खरं तर. म्हटलं, दिग्दर्शकानेच मान्य केलं, प्रश्न मिटला. पण तुझी ती डिस्क टेबलावर पडून होती, तुझ्या क्रमाची. वहिनी म्हणाली, "सिनेमा न बघता पाडायला तुम्ही काय वर्तमानपत्रवाले आहात?" मला हसू आलं आणि त्याच क्षणी एक गोष्ट ध्यानात आली. तुझा सिनेमा मी कधी पाहिलाच नाही. चौदा आठवडे मी तो केबिनच्या भोकातून पाहिला, एक डोळा मशीनवर ठेवून, दर दहा मिनिटांनी रीळ बदलत. खुर्चीत बसून, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकदाही नाही.

काल गुरुवार. एका आपटलेल्या नव्या सिनेमाचा शेवटचा दिवस होता, बाराच्या खेळाला तसंही कुत्रं येत नव्हतं. बाहेर पाटी लावली: 'आज बारा वाजता मशीनची चाचणी, जुना सिनेमा, तिकीट नाही.' सव्वाशे माणसं आली. शिवणक्लासच्या बायका क्लास सोडून आल्या, निवृत्त मंडळी आली, कॉलेजची पोरं आली, एक विमा एजंट बॅग मांडीवर घेऊन बसला. मी मधल्या रांगेत बसलो. वहिनी शेजारी.

अकरावं रीळ आलं. आता रीळ नसतं, पण मला माझ्या जागी कळलं की आलं. पँट आली, हसू आलं, सगळं थिएटर हसलं. वहिनी म्हणाली, "अजून मजा येते हो!" मग बारावं. मला ठाऊक होतं काय होणार ते, तरी हसता हसता तोंड तसंच उघडं राहिलं आणि समोर ती रिकामी खुर्ची. मग कोट. धाकटी कोट शिवते तेव्हा मध्येच थांबून टेपाने पायाचं माप लावते, बाहीचं नव्हे, पायाचं. मग तिच्या लक्षात येतं की हा कोट आहे, पँट नाही. एवढंसं आहे ते. ते मी बत्तीस वर्षांत पाहिलंच नव्हतं, कारण माझ्या क्रमात पँट कोटाच्या अगदी जवळ येते आणि ती चूक विनोदासारखी निघून जाते. तुझ्या क्रमात पँट आणि कोट यांच्यामध्ये एक मरण उभं असतं. वहिनीने माझी बाही धरली. मला वाटलं, तिला काही होतंय. पाहिलं तर मलाच होत होतं.

मी लगेच उठून दाराशी गेलो. सवय. लोक बाहेर आले.

चपला. एक शब्द नाही. शिवणक्लासच्या बायकासुद्धा गप्प, धाकट्या, आणि त्या इंटरव्हलमध्ये पॉपकॉर्नवाल्याचं डोकं खाऊन गेल्या होत्या. मी मनात म्हटलं, झालं, पडला, दुसऱ्यांदा पडला, आणि मी खरा ठरलो. तुला सांगतो, खरा ठरल्याचा इतका वाईट आनंद मला आयुष्यात झाला नाही.

आत जाऊन मशीन बंद करणार, तेवढ्यात गाड्यांच्या स्टँडवरची बाई आली तणतणत. तिला तू ओळखतोस, रस्त्यापलीकडच्या स्टँडवर सायकली असल्यापासून बसते. "सिनेमावाले, तुमची माणसं गाड्या काढीनात! माझी वाट अडलीय, मागचे हॉर्न मारताहेत. काय दाखवलंत तरी काय?"

रस्ता ओलांडून गेलो. सत्तर-ऐंशी पावलं असतील. आणि तिथे बोलणं चाललं होतं.

एक माणूस स्कूटरवर बसलेला, हेल्मेट हातात, चावी लावलेली, पण फिरवलेली नाही. मागे बायको. तो म्हणाला, "आईचं मशीन अजून माळ्यावरच आहे ना?" ती म्हणाली, "आहे." त्याने हेल्मेट मांडीवर ठेवलं. मग तो म्हणाला, "रविवारी काढू या. तेल देऊन बघू." ती म्हणाली, "चालतंय ते. मी अधूनमधून देते तेल." त्याने वळून तिच्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

दोघी जावा होत्या, बहुतेक जावाच, कारण दोघींच्या पिशव्या एकाच दुकानाच्या. एक म्हणाली, "हे बघ, मी सांगून ठेवते, तू गेलीस तर तुझी अर्धवट कामं मी नाही करणार."

"करशील."

"नाही करणार."

"करशील गं."

"...करीन. पण शिव्या देत करीन."

विमा एजंट कोणाला तरी फोनवर सांगत होता, "नाही, काही काम नाही, सहज केला." कॉलेजचा एक पोरगा म्हणाला, फार संथ आहे. हेही लिहितो, तुला गोड गोड कळवायला मी वितरक नाही. पण तोही तिथेच उभा होता, गाडी न काढता.

मी स्टँडवरच्या बाईला म्हटलं, "बाई, थोडं अडू द्या." ती म्हणाली, "मागेही असंच झालं होतं. तुम्ही नवीन होता तेव्हा. शिवणवाल्या बायकांचाच सिनेमा. शनिवारी दुपारी सायकली निघेचनात. तुम्हाला सांगायला आले तर तुम्ही वर केबिनमध्ये. एक गृहस्थ तर सायकल इथे विसरून चालत घरी गेला, दुसऱ्या दिवशी घरच्या सहा जणांना घेऊन आला. सायकल न्यायला नाही, सिनेमाला. सायकल आठवली परत जाताना."

धाकट्या, शनिवारी बाराच्या खेळाला रिळं तुझ्या क्रमाने होती.

मी तिच्या आठवणीवर शपथ घेणार नाही. बत्तीस वर्षं म्हणजे बत्तीस वर्षं. कदाचित ती शुक्रवारची संध्याकाळ असेल, तर तीही तुझीच. रविवारची गर्दी माझ्या दोन खेळांनी आणली की तुझ्या दोन खेळांनी, ते आता कोणालाच सांगता येणार नाही. पण एवढं नक्की: मी दाराशी उभा राहून निकाल दिला. दारातून बाहेर पडताना बोलतात ती माणसं वेगळी आणि ऐंशी पावलं चालल्यावर ज्यांना बोलता येतं ती वेगळी. मी पहिलं वाक्य ऐकण्यात हुशार झालो. गाडी-बंगला, नाव, वितरकांत दरारा, सगळं त्या एका कानावर उभं केलं. तुझ्या सिनेमाचं पहिलं वाक्य रस्त्यापलीकडे होतं आणि मी रस्ता ओलांडला नाही. आठ गावांत ओलांडला का कोणी, तेही माहीत नाही.

तेव्हा लॅबला काही कळवू नकोस. माझा सिनेमा लावू नकोस. माझ्या सिनेमाला चांगली चौदा आठवड्यांची पेन्शन मिळाली, त्याला आता घरी बसू दे. तुझा लाव, जसा आहे तसा.

चालेल का, ते विचारू नकोस. पहिल्यांदाच मला सांगता येत नाही, आणि खरं सांगू, त्यामुळे काल रात्रीपासून मी शीळ घालत फिरतोय. वहिनी म्हणते, "या वयात शीळ?" मी म्हटलं, पहिल्या आठवड्याची आहे, उतरेल. अठ्ठावीसचे तिन्ही खेळ तुला दिले आहेत. आणखी एक भुताचा त्याच दिवशी येतोय, वितरक दारात धरणं धरून बसला होता. त्याला म्हटलं, पुढच्या शुक्रवारी. तो म्हणाला, "शेठ, बत्तीस वर्षांचा सिनेमा लावून कोणाचं भलं होणार?" मी म्हटलं, माझ्या भावाचं. तो धरणं सोडून उठला. त्याचं पुढचं वाक्य अजून यायचं आहे.

पत्रकासाठी पान लिहीत नाही. वर स्टँडवरचं जे लिहिलंय त्यातलं हवं तर घे, माणसं ओळखू येणार नाहीत एवढं बघ.

तू ये. राग घेऊन ये, मास्तराचं अक्षर घेऊन ये, पण ये. दुपारचा खेळ संपला की दोघं रस्ता ओलांडून स्टँडवर उभे राहू आणि थोडा वेळ कोणाशी काही बोलायचं नाही. त्यानंतर मला काय म्हणायचं ते म्हण. मी 'हो ना' म्हणणार नाही.

अकरानंतर बारा पाहिलेला,
तुझा दादा